लाउरी निबंध

प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची रासायनिक पद्धत सांगणारा १९५१ सालचा शोधनिबंध. विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक वेळा संदर्भ म्हणून उल्लेखला गेलेला निबंध म्हणून तो ओळखला जातो. ‘नेचर’ या नियतकालिकाने २०१४ मध्ये सर्वाधिक सायटेशन (म्हणजे संदर्भ-उल्लेख) असलेल्या शंभर निबंधांची यादी काढली, तेव्हा लाउरी निबंध तीन लाख पाच हजारांहून अधिक उल्लेखांसह पहिला आला. यादीत शंभरावा क्रमांक मिळवायलाही बारा हजारांवर उल्लेख लागत होते. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडणारा वॉटसन-क्रिक यांचा १९५३ चा निबंध या शंभरांत नाही.

ऑलिव्हर लाउरी (१९१०–१९९६) मूळचे शिकागोचे. १९४७ पासून ते सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात औषधशास्त्र विभागाचे प्रमुख होते. अतिसूक्ष्म नमुन्यांचे रसायनशास्त्र हे त्यांचे खरे क्षेत्र. एकेकटी चेतापेशी तोलता येईल असा क्वार्ट्झच्या तंतूचा तराजू त्यांनी वापरात आणला आणि त्याच्या आधारे मेंदूतील एंझाइमांचा (पेशींतील रासायनिक क्रियांचा वेग वाढवणाऱ्या प्रथिनांचा) अभ्यास केला. जाणकार त्यांना या कामासाठी मानतात. आकड्यांत मात्र ते प्रथिनमापनामुळे अमर झाले.

पद्धतीचा मूळ विचार त्यांचा नव्हता. जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो फोलिन यांच्या फिनॉल रिएजंटने (रंग बदलणाऱ्या अभिकर्मकाने) प्रथिने मोजण्याचे प्रयत्न १९२० च्या दशकापासून चालू होते. लाउरी यांनी त्याला तांब्याच्या विक्रियेची नेमकी जोड दिली, वेळा व प्रमाणे ठरवली आणि कशाकशाने घोटाळा होतो तेही तपासून लिहिले. रीत अशी : धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, थोडे सोडियम हायड्रॉक्साइड, मोरचूद आणि टार्ट्रेट यांचे द्रावण नमुन्यात घालून दहा मिनिटे ठेवायचे. मग पिवळट फोलिन रिएजंट टाकून लगेच हलवायचे. हा ‘लगेच’ महत्त्वाचा, कारण अल्कलीत हा रिएजंट काही सेकंदांतच निकामी होतो. सगळ्या नळ्यांत तो घालून झाल्यावर पहिलीपासून हलवायला घेणाऱ्याचा आलेख हमखास वाकडा येतो. अर्ध्या तासात निळा रंग चढतो; प्रथिने जितकी जास्त, तितका तो गडद. त्यात तांब्याला बांधलेल्या पेप्टाइडांचा आणि टायरोसीन, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लांचा हात असतो. बाटलीतला रिएजंट आधीच हिरवट झाला असेल तर तो खराब झाला समजावे.

महाराष्ट्रातील जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही रीत ‘फोलिन-लाउरी’ या नावाने प्रात्यक्षिकात भेटते : नळ्यांची रांग, ६६० नॅनोमीटर तरंगलांबीला लावलेला, रंगाचा गडदपणा मोजणारा कलरीमीटर, आलेखकागदावर जेमतेम सरळ येणारी रेघ.

इतके उल्लेख का झाले? एखादे एंझाइम शुद्ध करताना ते दर मिलिग्रॅम प्रथिनामागे किती काम करते हे सांगावेच लागते. त्यामुळे यकृत, यीस्ट किंवा जिवाणू, काहीही अभ्यासले तरी ‘पद्धती’ या भागात एक ओळ ठरलेली : प्रथिने लाउरी आणि इतर यांच्या रीतीने मोजली. त्या ‘इतर’मध्ये नायरा रोझब्रो, लुइस फार आणि रोझ रँडल ही तीन नावे कायमची दडली आहेत. निबंध लिहिला गेला तोही काहीसा आग्रहाखातर. जीवरसायनशास्त्रज्ञ अर्ल सदरलँड यांना ‘अप्रकाशित पद्धत’ म्हणून तिचा उल्लेख करत राहणे नको होते. हा फार मोठा निबंध नव्हे हे आपल्याला ठाऊक आहे, तरी त्याला मिळालेल्या प्रतिसादाची मनातून गंमत वाटते, असे लाउरी यांनीच १९७७ मध्ये कबूल केले.

‘नेचर’च्या यादीतील पुढचे दोन क्रमांकही प्रथिनांच्याच रोजच्या कामांचे आहेत. दुसरा निबंध उलरिख लेमली यांचा, १९७० चा. जेलवर (जेलीसारख्या थरात विजेच्या साहाय्याने) प्रथिने वेगळी करण्यासाठी तो जगभर उद्धृत होतो, पण त्याच्या शीर्षकात जेलचा शब्दही नाही. तो टी-४ या जिवाणुभक्षक विषाणूच्या डोक्याच्या जडणघडणीवर आहे. तिसरा मॅरियन ब्रॅडफर्ड यांचा १९७६ चा, रंगद्रव्य प्रथिनाला चिकटवून मोजणी करण्याचा. उल्लेखांची संख्या मोठेपण मोजते, हा समज या तीन निबंधांपुढे टिकत नाही. ती वापर मोजते. उलट जे ज्ञान पाठ्यपुस्तकात मुरते, त्याचा मूळ निबंध नोंदवायचे कोणाला सुचत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या विलोपाकडे लक्ष वेधले होते.

लाउरी पद्धतीची अडचण म्हणजे ती नमुन्यातील इतर रसायनांनाही दाद देते. ट्रिस, ईडीटीए, मर्कॅप्टोइथेनॉल ही प्रयोगशाळेतली नेहमीची रसायने आणि बरीचशी डिटर्जंट यांनी मोजणी बिघडते. ब्रॅडफर्ड यांची रीत एकाच टप्प्याची आणि पाच मिनिटांत उरकणारी असल्याने अनेक प्रयोगशाळा तिकडे वळल्या. १९८५ मध्ये तांब्याचाच आधार घेणारी बायसिंकोनिनिक आम्लाची पद्धत आली. आता पुष्कळ निबंधांत मूळ संशोधकाऐवजी विकतच्या किटचे नाव लिहिलेले असते, आणि त्या उल्लेखाची गणना कोणाच्याच खात्यावर होत नाही.