नागपूरच्या आकाशात थांबून मुंबई का येत नाही?

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग हेलिकॉप्टर नागपूरवर अधांतरी थांबवलं, तर जमीन सरकून मुंबई आपसूक खाली यायला नको का? असे मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरतात आणि शेवटी ठोकून दिलेलं असतं की पृथ्वी फिरतच नाही, शास्त्रज्ञ आपल्याला फसवतात. एखाद्या शाळकरी मुलाने हा प्रश्न विचारला तर मी त्याची पाठ थोपटेन. राग येतो तो पडताळा न घेता मजकूर पुढे ढकलणाऱ्या मोठ्यांचा.

नागपूर आणि मुंबईच्या रेखांशांत सुमारे सहा अंशांचा फरक आहे, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याच्या हिशोबाने साधारण २५ मिनिटं. मुंबईत सूर्य जवळपास तेवढाच उशिरा मावळतो. हेलिकॉप्टरला मात्र ही २५ मिनिटं मिळत नाहीत. नागपूरची जमीन ताशी सुमारे १,५६० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चालली आहे आणि तिच्यावरची हवाही तिच्यासोबतच. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून विमान उठतं ते हा वेग अंगात घेऊनच. एकदा वर गेलं की त्याचा व्यवहार हवेशी. तेव्हा विचारायचं ते एवढंच : उंचावरची हवा जमिनीच्या पुढे पळते की मागे पडते?

पुढे पळते, आणि ती का पळते हे मला या विषयातलं सगळ्यात सुंदर प्रकरण वाटतं. विषुववृत्तावर जमिनीचा वेग ताशी १,६७० किलोमीटर. तिथली हवा तापून वर चढते आणि उंचावरून उत्तरेकडे सरकते. तसतसं पृथ्वीच्या आसापासूनचं तिचं अंतर कमी होतं. फुगडी घालताना हात आखडले की गिरकी वाढते. कोनीय संवेग, म्हणजे वस्तुमान, फिरण्याचा वेग आणि आसापासूनचं अंतर यांचा गुणाकार, कायम राहतो म्हणून. नागपूरच्या २१ अंश अक्षांशावर हे अंतर सुमारे ७ टक्क्यांनी घटतं, त्यामुळे हवेचा वेग १,७९० वर जातो. खालची जमीन १,५६० ने चाललेली. फरक २३०! सूत्रात मांडायचं तर विषुववृत्तावरचा वेग गुणिले अक्षांशाच्या साइनचा वर्ग, भागिले कोसाइन. ३० अंशांवर उत्तर येतं ४८०. वातावरणातले भोवरे आणि घर्षण यातला बराच वेग खातात. तरीही हिवाळ्यात उत्तर भारतावर, सुमारे १२ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून येणारा वाऱ्याचा झोत ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज गाठतो. नागपूर त्याच्या दक्षिणेला, म्हणून इथे जोर कमी, पण दिशा तीच. म्हणजे हिवाळ्यात मुंबईहून नागपूरला येताना वारा पाठीशी आणि जाताना तोंडावर, त्या मजकुराच्या अगदी उलट. (पावसाळ्यात दक्षिण भारतावर उंचावर पूर्वेकडून झोत वाहतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला.)

जाता-येता फिटंफाट होत असेल असं वाटतं, पण तसं होत नाही. हवाई अंतर ६९० किलोमीटर, विमानाचा हवेतला वेग ताशी ८३० आणि वारा १०० धरा. चढ-उताराचा आणि धावपट्टीवरचा वेळ सोडून देऊ. येताना सुमारे ४४.५ मिनिटं, जाताना ५६.७, बेरीज १०१.२. वारा नसता तर ९९.८ मिनिटांत काम झालं असतं, म्हणजे तोटा सुमारे दीड मिनिटाचा. तोंडावरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून तोटा नेहमी नफ्याहून मोठा. वारा दुप्पट, म्हणजे २०० केला, तर हा तोटा दुप्पट न होता चौपटीच्या वर जातो, सुमारे ६ मिनिटांवर.