पूर्व तिमोरचे विलीनीकरण

आग्नेय आशियातील तिमोर बेटाचा पूर्व भाग इंडोनेशियाने डिसेंबर १९७५ मध्ये सैन्य उतरवून ताब्यात घेतला आणि १७ जुलै १९७६ रोजी तो आपला २७वा प्रांत असल्याचे जाहीर केले, ती घटना. संयुक्त राष्ट्रांनी या विलीनीकरणाला कधीच मान्यता दिली नाही. त्यांच्या दप्तरी पुढेही पोर्तुगालच या प्रदेशाचा प्रशासक राहिला.

बेटाचा पश्चिम भाग डचांकडून इंडोनेशियाकडे आला; पूर्व भाग पोर्तुगालची वसाहत होता. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमधील हुकूमशाही कोसळली आणि वसाहती सोडण्याचे वारे वाहू लागले. दिली या राजधानीत पक्ष निघाले. डाव्या वळणाच्या फ्रेटिलिनला स्वातंत्र्य हवे होते, यूडीटी या पक्षाला पोर्तुगालच्या आधाराने सावकाश स्वातंत्र्याकडे जायचे होते आणि अपोडेटी या छोट्या गटाला इंडोनेशियात सामील व्हायचे होते. ऑगस्ट १९७५ मध्ये यूडीटीने सत्ता हाती घेण्याचा प्रयत्न केला, त्यातून यादवी पेटली आणि फ्रेटिलिनची सरशी झाली. पोर्तुगीज गव्हर्नर अताउरो बेटावर निघून गेला. २८ नोव्हेंबरला फ्रेटिलिनने स्वातंत्र्य घोषित केले.

इंडोनेशियात तेव्हा जनरल सुहार्तो यांची लष्करी राजवट होती. शेजारी साम्यवादी राज्य उभे राहील, ही भीती त्यांनी पुढे केली. शीतयुद्धाच्या काळात ती खपलीही. ६ डिसेंबरला अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड आणि परराष्ट्रमंत्री किसिंजर जाकार्तात सुहार्तो यांना भेटले. पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून दिसते, की त्यांनी आडकाठी घेतली नाही. दुसऱ्याच दिवशी दिलीवर छत्रीधारी सैनिक उतरले. २२ डिसेंबरला सुरक्षा परिषदेने सैन्य मागे घेण्याचा ठराव एकमताने केला. तो कागदावरच राहिला.

एवढे झाल्यावरही जाकार्ताला कायदेशीर देखावा हवाच होता. ३१ मे १९७६ रोजी दिलीत एक ‘लोकसभा’ भरवण्यात आली. सार्वत्रिक मतदान झालेलेच नव्हते. सदस्य लष्कराच्या देखरेखीखाली ठरलेले. त्यांनी विलीनीकरणाची विनंती केली आणि दीड महिन्यात सुहार्तो यांनी कायद्यावर सही केली. सैन्य आधी आणि विनंती नंतर, हा क्रमच पुरेसा बोलका आहे.

डोंगरात फ्रेटिलिनची सशस्त्र शाखा फालिंतिल लढत राहिली. तिचा आधार तोडण्यासाठी लोकांना गावे सोडायला लावून छावण्यांत कोंडले गेले, शेती बसली आणि दुष्काळ पडला. पूर्व तिमोरमध्ये पुढे नेमलेल्या सत्यशोधन आयोगाच्या अंदाजानुसार १९७४ ते १९९९ या काळात किमान १,०२,८०० लोक संघर्षापायी मेले. त्यांतले सुमारे ८४,२०० भूक आणि आजाराने. गोळीने मेलेल्यांपेक्षा उपासमारीचे बळी कितीतरी अधिक होते.

मान्यतेच्या बाबतीत ऑस्ट्रेलिया अपवाद ठरला. समुद्रतळातील तेल-वायूवर डोळा ठेवून त्याने विलीनीकरण कायदेशीर मानले. ११ डिसेंबर १९८९ रोजी ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिमोर समुद्रावरून उडणाऱ्या विमानात हे तेल-वायू वाटून घेण्याच्या ‘तिमोर गॅप’ करारावर सह्या केल्या.

१२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलीतील सांता क्रूझ दफनभूमीत शोकयात्रेवर सैनिकांनी गोळीबार केला. त्याचे चित्रण देशाबाहेर पोहोचले आणि प्रकरण दाबणे कठीण झाले. १९९६ चे शांततेचे नोबेल दिलीचे बिशप बेलो आणि परदेशातून स्वातंत्र्याची बाजू मांडणारे होझे रामोस-होर्ता यांना मिळाले. आर्थिक संकटात १९९८ मध्ये सुहार्तो पायउतार झाले आणि त्यांच्या जागी आलेले अध्यक्ष हबीबी यांनी सार्वमताला संमती दिली. ३० ऑगस्ट १९९९ रोजी ७८.५ टक्के मतदारांनी इंडोनेशियांतर्गत स्वायत्तता नाकारली, म्हणजेच स्वातंत्र्य निवडले. त्यानंतर इंडोनेशियाधार्जिण्या सशस्त्र टोळ्यांनी आणि लष्कराने प्रदेशाची राखरांगोळी केली. ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय फौज २० सप्टेंबरला उतरली. ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियाने विलीनीकरण रद्द केले.

संयुक्त राष्ट्रांच्या हंगामी प्रशासनानंतर २० मे २००२ रोजी देश स्वतंत्र झाला. तेलाचा वाद मात्र तसाच उरला. ऑस्ट्रेलियाशी कायम सागरी सीमा ठरवणारा करार मार्च २०१८ मध्ये झाला.