पन्हाळा–पावनखिंड: वाट जुनी, वाद तारखेचा

जुलै लागला की कोल्हापुरातून पन्हाळ्याकडे पाठीवर सॅक टाकलेली मंडळी निघतात, त्यामागची ही थोडी पार्श्वभूमी. पन्हाळ्याचा वेढा, त्यातून शिवाजी महाराजांची विशाळगडाकडे रातोरात सुटका, शिवा काशीद, बाजीप्रभू हे सगळ्यांना पाठ आहे. ते पुन्हा उगाळत नाही.

आजची वाट म्हाळुंग्यावरून मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी करत पांढरपाण्याला आणि तिथून कासारीच्या उगमाकडच्या खिंडीत उतरते. दोन दिवसांची चाल, आणि दर मैलाला एखादा ओढा. वाड्यावाड्यांच्या पाऊलवाटा जोडत ही वाट अलीकडच्या काळात रुळली. त्या रात्री पाऊल नेमकं कुठे कुठे पडलं, हे छातीठोकपणे कुणी सांगू नये. पुढच्या विशाळगडाचं वैभव १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर ओसरलं आणि जहागिरीचं ठाणं मलकापूरला गेलं.

खरा घोळ आहे तो चालायचं कधी याचा. सुटका १२ जुलै १६६० च्या रात्री, खिंडीतली झुंज १३ जुलैला, असं पुस्तकांत छापलेलं असतं. म्हणून बरेच गट याच तारखा धरतात. पण या तारखा जुन्या ज्युलियन पद्धतीच्या आहेत. वेढ्यात तोफा घेऊन आलेले राजापूरचे इंग्रज तीच पद्धत वापरत. आजच्या कॅलेंडरात तो दिवस २३ जुलै येतो, म्हणजे १३ जुलैला चालणारा दहा दिवस आधीच खिंडीत पोचतो! तिथीवाल्यांचा हिशोब सरळ आहे: आषाढी पौर्णिमेला निघायचं, वद्य प्रतिपदेला खिंड. मात्र ही पौर्णिमा २०२३ मध्ये ३ जुलैला आली, २०२४ मध्ये २१ ला, २०२५ मध्ये १० ला. नोकरदाराने रजा टाकायची कशी, हा तारीखवाल्यांचा सवाल अगदीच गैर नाही. तरी त्या रात्री आभाळात, ढगाआड का होईना, पूर्ण चंद्र होता. तो वगळून स्मरण कसलं करायचं? शनिवार-रविवार बघून जाणाऱ्यांचा तिसरा पंथ या वादात पडतच नाही, आणि संख्येने तोच भारी आहे.

वाडीतल्या माणसाला या वादाचं सोयरसुतक नाही. त्याची तेव्हा रोपलावण चाललेली असते. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका, डोक्यावर इरल्याच्या जागी आता प्लॅस्टिकची खोळ, आणि बांधावरून शे-दोनशे बूट गेले की बांध खचून वाफ्यातलं पाणी निघून जातं. दुसरीकडे याच गर्दीमुळे घराघरांतून भाकरी-आमटीचे चार पैसेही होतात. पूर्वी लोक शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर देवळात पथारी टाकत आणि तांदूळ स्वतःचे नेत. आता सॅक टेम्पोतून पुढे जातात. खिंडीत उतरायला लोखंडी शिडी झाली आणि रस्ता जवळ आल्याने न चालताही खिंड बघता येते. माझ्या मते इथेच थोडं बिनसलं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यात पन्हाळा आहे, आणि गडावर राहणाऱ्यांना बांधकामावरच्या निर्बंधांची धास्तीही आहे. विशाळगड त्या बारांत नाही. मधल्या वाटेची निगा अजून वाडीवालेच राखतात.