पहिली दोन मिनिटं कोणाची?

१९०३ साली एडविन पोर्टर यांनी एडिसन कंपनीसाठी ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ काढला. त्यात एक शॉट असा आहे, ज्याला कथेत जागाच नाही. दरोडेखोरांचा म्होरक्या थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे प्रेक्षकांकडे बघतो, पिस्तूल रोखतो आणि गोळ्या झाडतो. कंपनीच्या कॅटलॉगात या तुकड्याबद्दल सरळ लिहिलं होतं की, हा सुरुवातीला दाखवा किंवा शेवटी, तुमच्या मर्जीप्रमाणे. ही मर्जी खेळ लावणाऱ्याची होती. चित्रपट कुठे सुरू होतो, हे ठरवण्याचा हक्क तो काढणाऱ्याकडे नव्हता.

आज चित्रपटाचं पहिलं दृश्य म्हटलं की दिग्दर्शकाची दृष्टी, त्याची सही, असं आपण सहज बोलतो. चित्रपट शिकणाऱ्या मुलांनाही बहुतेक ठिकाणी पहिला अभ्यास म्हणून एखाद्या चित्रपटाची सुरुवातच तुकडे करून उलगडायला देतात, आणि पुष्कळदा तेवढीच दोन मिनिटं स्वतः चित्रित करायला सांगतात. पण ही जागा दिग्दर्शकाला आपोआप मिळालेली नाही. आधी ती खेळवाल्याची होती, मग कंपनीची, मग करारांची आणि संघटनांची, आपल्याकडे सरकारचीसुद्धा. मुलांच्या हातात ती का दिली जाते, हे या ओढाताणीतून जितकं कळतं, तितकं चित्रपटाच्या व्याकरणाच्या पुस्तकातून कळत नाही.

ल्युमिएर बंधूंच्या १८९५-९६ च्या फिल्म जेमतेम ५० सेकंदांच्या होत्या. त्यांना पाट्या नव्हत्या, नावं नव्हती. नावं आली ती कलावंतांचा मान राखायला नव्हे, तर चोरी रोखायला. प्रिंटच्या बेकायदा नकला सर्रास विकल्या जात, म्हणून अमेरिकेच्या बायोग्राफ कंपनीने आपलं ‘एबी’ हे चिन्ह थेट सेटच्या भिंतीवर लावायला सुरुवात केली. फ्रान्सच्या पाथे कंपनीचा कोंबडाही असाच सेटवर दिसतो. पाटी कापून टाकता येते, पण पात्राच्या पाठीमागची भिंत कशी कापणार? चित्रपटाच्या आरंभी कंपनीचं चिन्ह झळकण्याच्या प्रथेमागे हा मालकीचा हिशेब आहे.

पुढे स्टुडिओंच्या काळात श्रेयनामावली वाढली. कोणाचं नाव आधी, कोणाचं मोठ्या अक्षरात, हे करारांत ठरू लागलं. एवढं होऊनही त्या पाट्यांकडे बघायचं कोणी? आपल्याकडेही थिएटरच्या दारात ‘सुरू झाला का?’ या प्रश्नाला ‘नाही, अजून पाट्याच चालू आहेत’ असं उत्तर मिळायचं. अमेरिकेत तर अनेक ठिकाणी नावं समोरच्या बंद कापडी पडद्यावरच पडत आणि ती संपली की तो पडदा सरके. १९५५ मध्ये दिग्दर्शक ओटो प्रेमिंजर यांनी ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’च्या डब्यांवर प्रोजेक्शनिस्टसाठी सूचना चिकटवली, की नावं सुरू होण्याआधी पडदा उघडा. ती नावं ग्राफिक डिझायनर सॉल बास यांनी रचली होती. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या पट्ट्या सरकतात, जुळतात, तुटतात आणि शेवटी एक वाकडा, कापलेला हात उरतो. चित्रपट हेरॉइनच्या व्यसनात अडकलेल्या माणसाचा आहे. एकही पात्र दिसण्याआधी प्रेक्षकाच्या मनात अस्वस्थता तयार होते, आणि ती नुसत्या कागदी आकारांनी. बास यांनी पुढे ‘व्हर्टिगो’ (१९५८) आणि ‘सायको’ (१९६०) यांची नावंही केली. ज्या वेळात लोक शेंगदाणे घ्यायला जात, तो वेळ त्यांनी कथेला परत मिळवून दिला, असं मला वाटतं.

या सगळ्यात सर्वात बोलका प्रसंग ‘टच ऑफ ईव्हिल’चा (१९५८). दिग्दर्शक ऑर्सन वेल्स, छायाचित्रण रसेल मेटी यांचं. पहिल्याच क्षणी एका हातात बॉम्ब दिसतो. घड्याळ लावलं जातं, बॉम्ब मोटारीच्या डिकीत ठेवला जातो. एक जोडपं येऊन त्या मोटारीत बसतं. क्रेनवरचा कॅमेरा वर उचलला जातो, छपरांवरून पलीकडे उतरतो आणि मोटारीच्या बरोबरीने मेक्सिकोच्या सीमेवरच्या गावातून निघतो. (चित्रण झालं कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस इथे.) मध्येच नवविवाहित नायक-नायिका चालत येतात. कधी मोटार पुढे, कधी ही दोघं. तपासणी नाक्यावर सगळे एकत्र थांबतात. मोटार पुढे जाते, ही दोघं एकमेकांना जवळ घेतात, आणि स्फोट होतो. तीन मिनिटांहून अधिक वेळ एकही कट नाही. पहिला कट येतो तो स्फोटावर.

युनिव्हर्सल स्टुडिओने या शॉटवर श्रेयनामावली चढवली आणि हेन्री मॅन्सिनी यांचं संगीत घातलं. वेल्सना ते नको होतं. त्यांनी ५८ पानांचं टिपण लिहून स्टुडिओला आपले आक्षेप आणि सूचना कळवल्या. त्यातल्या बऱ्याच सूचना तेव्हा बाजूला राहिल्या. १९९८ मध्ये, वेल्स यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, संकलक वॉल्टर मर्च यांनी ते टिपण समोर ठेवून चित्रपटाचं पुन्हा संकलन केलं. नावं शेवटी गेली. संगीताच्या जागी रस्त्यावरचे आवाज आले: बारमधून बाहेर पडणारं गाणं, लोकांची गर्दी, आणि त्या मोटारीतला रेडिओ.

ही दोन्ही रूपं पाठोपाठ बघावीत, असा माझा प्रत्येक विद्यार्थ्याला आग्रह राहील. चित्र तेच आहे. पहिल्या रूपात डोळे अक्षरांकडे जातात आणि संगीत सतत एकाच पट्टीत ताण देत राहतं. दुसऱ्यात मोटार चौकटीबाहेर गेली तरी रेडिओच्या आवाजावरून ती कुठे आहे हे कानाला कळतं, आवाज जवळ आला की छातीत धस्स होतं. ध्वनी म्हणजे चित्राला लावलेली झालर नव्हे, हे समजायला एवढी तीन मिनिटं पुरतात.

हा झगडा तिथेच संपला नाही. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये (१९८०) दिग्दर्शक अर्विन कर्शनर यांचं नाव सुरुवातीला न घालता शेवटी घातलं, म्हणून अमेरिकन दिग्दर्शकांच्या संघटनेने चित्रपटाचे कार्यकारी निर्माते जॉर्ज लुकास यांना दंड केला. लुकास यांनी तो भरला आणि संघटना सोडली.

आपल्याकडे चित्रपटाआधी पडद्यावर येतं ते सेन्सॉरचं प्रमाणपत्र. जुन्या प्रेक्षकांची त्यावरची नजर तयार असे. किती रिळं आहेत ते आधी बघायचं, आणि त्रिकोणाची खूण दिसली की काही कापलंय हे समजायचं. २०१२ पासून तंबाखूविरोधी संदेशांचीही त्यात भर पडली. म्हणजे भारतीय दिग्दर्शकाची पहिली चौकट येईपर्यंत प्रेक्षक बरंच काही बघून बसलेला असतो. मराठी माणसाला कंपनीच्या चिन्हांपैकी मनापासून आठवते ती प्रभातची तुतारी. पण त्या तुतारीनंतर काय येतं, तेही बघण्यासारखं आहे. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) सुरुवातीलाच तुकोबा आपल्या तंद्रीत भजन गाताना दिसतात, आणि मग त्यांचा प्रतिस्पर्धी सालोमालो तेच शब्द देवळात, लोकांसमोर, स्वतःचे म्हणून आळवतो. तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनीस यांच्या गाण्यात कुठे आव नाही, सालोमालोच्या गाण्यात आवच आव आहे. कोण खरा, कोण खोटा, वाद कशावरून पेटणार, हे सांगायला निवेदक लागत नाही. शब्द तेच ठेवून माणूस आणि जागा बदलली, की संकलन काय काम करतं ते दिसतं. परदेशी उदाहरणं जरूर द्यावीत, पण पुण्यातल्या शिक्षकाने हे उदाहरण वगळू नये.

असं तुकडे करून बघायची शिस्त आली ती टंचाईतून. मॉस्कोत १९१९ मध्ये सरकारी फिल्म शाळा निघाली तेव्हा यादवी युद्ध चालू होतं आणि कच्ची फिल्म मिळत नव्हती. लेव्ह कुलेशोव्ह यांच्या कार्यशाळेतली मुलं रंगमंचावर ‘फिल्मविना फिल्म’ सादर करत आणि उपलब्ध चित्रपटांचे तुकडे पुन्हा जोडून बघत. एकाच नटाचा निर्विकार चेहरा, त्याच्या शेजारी कधी जेवणाची बशी, कधी शवपेटी ठेवली, की प्रेक्षकाला त्याच चेहऱ्यावर भूक किंवा दुःख दिसतं, हा प्रसिद्ध प्रयोग त्याच वातावरणातला. शिष्य पुदोव्हकिन यांनी तो पुढे जगाला सांगितला.

पुण्यात १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. संग्रहालयात पी. के. नायर चित्रपट जमवत होते आणि इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर ते शॉटगणिक उलगडून शिकवत होते. बघणं आणि करणं यांची ही जोडी पुण्याची खरी कमाई आहे. करण्याच्या बाजूला कंटिन्यूइटी एक्सरसाइजपासून (शॉटला शॉट जुळवण्याचा सराव) शेवटच्या डिप्लोमा फिल्मपर्यंतची चढण होती, आणि तिथेही फिल्म मोजूनमापून मिळे.

शाळकरी मुलांपर्यंत हे सगळं एकत्र पोचलं ते इंग्लंडमध्ये. ओसीआर या परीक्षा मंडळाने २००८ पासूनच्या मीडिया स्टडीज अभ्यासक्रमात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना एका नव्या कथापटाची नावं आणि सुरुवात करायला दिली. लांबी जास्तीत जास्त दोन मिनिटं. चित्र आणि ध्वनी स्वतःचे हवेत, सूट फक्त हक्कमुक्त संगीताला आणि ध्वनिपरिणामांना. त्याआधी एक छोटा सराव: एक पात्र दार उघडतं, खोली ओलांडतं, दुसऱ्या पात्रासमोर खुर्चीत बसतं आणि दोघं एक-दोन वाक्यं बोलतात.

हा सराव वाटतो तितका पोरखेळ नाही. हात कडीवर असताना बाहेरचा शॉट तोडून आतला शॉट त्याच हालचालीपासून उचलला, तर कट डोळ्याला टोचत नाही. मात्र दार उघडण्याची क्रिया दोन्ही बाजूंनी पूर्ण चित्रित केलेली हवी, नाहीतर संकलनाच्या टेबलावर जुळवायला काही उरत नाही. दोघं बोलू लागले, की त्यांच्यामध्ये एक रेषा कल्पायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. रेषा ओलांडली तर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात आणि समोरासमोर बसलेली माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत, असं वाटतं. अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथ आणि त्यांच्या समकालीनांनी वर्षानुवर्षं चाचपडत जे शोधलं, ते इथे दुपारभरात हाताखालून जातं.

मला या अभ्यासक्रमातली गुणांची वाटणी फार शहाणपणाची वाटते. शंभरपैकी साठ गुण प्रत्यक्ष फिल्मला, वीस शोध आणि नियोजनाला, वीस स्वतःच्या कामाच्या परीक्षणाला. परीक्षणात एक प्रश्न असे, की तुमची फिल्म कोणत्या प्रकारची संस्था वितरित करेल आणि का. मग मुलं आपल्या दोन मिनिटांच्या आरंभी एका काल्पनिक कंपनीचं चिन्ह बनवत आणि नावांचा क्रमही विचारपूर्वक लावत. मॉस्कोत आणि पुण्यात फिल्म तुटपुंजी होती म्हणून शॉट आधी कागदावर उतरे. मोबाइलवर कितीही चित्रित करता येतं, तिथे कागदाची सक्ती बाहेरूनच घालावी लागते. नियोजनाचे ते वीस गुण त्यासाठी होते: शॉटची यादी, स्टोरीबोर्ड (शॉटची आधी काढलेली चित्रं), जागांची पाहणी, आणि ज्या चित्रपटांच्या सुरुवाती सोडवून बघितल्या त्यांची टिपणं.