मांडवीतले बार्ज आणि रिकार्डोचं कोडं

गोव्यातल्या डिचोली-सांखळीकडची खनिज माती फारशी उंची प्रतीची कधीच नव्हती. लोहाचं प्रमाण कमी. तरी ती आधी जपानला आणि पुढे चीनला गेली, कारण खाणीजवळ नदी होती. जेटीवर ट्रक रिकामा झाला की बार्ज, म्हणजे मालवाहू बोट, भरायचा आणि मांडवी नदीतून थेट मुरगाव बंदर गाठायचा. वाहतूक स्वस्त, म्हणून हलका माल खपला.

देशाची स्पर्धाक्षमता, म्हणजे जगाच्या बाजारात माल खपवण्याची ताकद, ती एवढीच का? अर्थशास्त्रात हा वाद दोनशे वर्षं चालू आहे, आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आपल्या गोव्याच्या जुन्या मालकाचं, पोर्तुगालचं आहे. 1817 साली इंग्रज अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डोने इंग्लंड आणि पोर्तुगालचा हिशोब मांडला. ठरावीक कापड वर्षभरात विणायला इंग्लंडला 100 माणसं लागतात, वाइनला 120. पोर्तुगालला कापडासाठी 90, वाइनसाठी 80. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत सरस! मग त्याने इंग्लंडकडून काही घ्यावंच का? घ्यावं. 80 माणसांची वाइन देऊन 90 माणसांचं कापड हाती येतं. इंग्लंडही 100 माणसांच्या कापडावर 120 माणसांची वाइन मिळवतो. तुलना शेजाऱ्याशी नव्हे, आपल्याच दुसऱ्या कामाशी करायची. हे आजही भल्याभल्यांच्या पचनी पडत नाही.

पुढे हेक्शर आणि ओहलिन हे स्वीडनचे अर्थतज्ज्ञ म्हणाले, ज्याच्याकडे जे मुबलक, ते तो विकणार. 1953 मध्ये अर्थतज्ज्ञ लिऑन्तिएफने अमेरिकेचे आकडे तपासले, तर भांडवलाने गच्च असलेल्या त्या देशाची निर्यात आयातीपेक्षा जास्त श्रमप्रधान निघाली. 1978 मध्ये काल्डोरने आणखी गंमत दाखवली: नगामागे मजुरीचा खर्च ज्यांचा वाढत होता, त्यांतल्याच काही देशांचा जगाच्या बाजारातला वाटाही वाढत होता. स्वस्त तोच जिंकतो, हे गणित तिथे कोलमडलं.

मायकेल पोर्टरने 1990 मध्ये नजर वळवली ती एका जागी दाटलेल्या उद्योगांकडे. गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन पाहा. औषधाच्या गोळीला नदी लागत नाही. लागतो तो जाणता केमिस्ट, पॅकिंगवाला, मशीन बंद पडली तर तासाभरात येणारा फिटर आणि शेजारच्या कारखान्याची चुरस. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमनने मात्र 1994 मध्ये खडसावलं की देश म्हणजे कंपनी नव्हे, देशाचं दिवाळं वाजून तो बाजारातून उठत नाही. मला तो पटतो. देशांना क्रमांक वाटणाऱ्या याद्यांचा सोस तरीही वाढत गेला. त्यातली व्यवसायसुलभतेची यादी आकड्यांतल्या गडबडीमुळे जागतिक बँकेला 2021 मध्ये बंदच करावी लागली.

हिडाल्गो, हाउसमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये निर्यातीच्या वस्तूंना झाडं मानलं आणि कारखानदारांना माकडं. झाडं दाट असतील तर पुढची उडी, म्हणजे नव्या वस्तूकडे वळणं, सोपी. कच्चा माल मात्र या जंगलाच्या विरळ कडेला असतो. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभे राहिले, बार्ज नदीत गंजू लागले. ट्रकवाल्याला उडी मारायला जवळ झाडच नव्हतं.