मोतीबिंदू शस्त्रक्रियेतील वेळ आणि सर्जनचे मानधन (अमेरिका)

अमेरिकेत मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) 1992 पासून डॉक्टरांचे मानधन आरव्हीयू (सापेक्ष मूल्य एकक) या एककाने ठरवते. दरेक शस्त्रक्रियेचे तीन भाग धरले जातात: सर्जनचे काम, दवाखान्याचा खर्च आणि रुग्णांनी लावलेल्या निष्काळजीपणाच्या दाव्यांसाठीचा विमा. ओटीचे (शस्त्रक्रियागृहाचे) भाडे केंद्राला वेगळे मिळते.

कामाचे आरव्हीयू वेळ आणि कामातला ताण यांवरून ठरतात. वेळ सर्जनांच्याच सर्वेक्षणातून येते आणि सरासरीऐवजी मध्यक (क्रमाने लावल्यास बरोबर मधली येणारी वेळ) घेतला जातो. छेद घेतल्यापासून शस्त्रक्रिया संपेपर्यंतची मिनिटे, आधीची तपासणी व हात धुणे, नंतरच्या भेटी हे सगळे त्यात येते. दोन रुग्णांमध्ये ओटी आवरण्यात गेलेला वेळ मात्र येत नाही.

साध्या फेकोचे (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याची नेहमीची शस्त्रक्रिया, बिलाचा संकेतांक 66984) कामाचे आरव्हीयू 2013 मध्ये 10.52 वरून 8.52 झाले आणि 2020 मध्ये 7.35. या शेवटच्या फेरीत टेबलावरची वेळ 20 मिनिटे धरली आणि नंतरच्या भेटी चाराच्या तीन केल्या. त्या वर्षीच्या एका आरव्हीयूला 36.09 डॉलर या दराने कामाचा भाग सुमारे 265 डॉलर होतो. शस्त्रक्रियेनंतरच्या 90 दिवसांतली तपासणी त्यातच.

खरी अडचण मध्यकापासून दूरच्या केसमध्ये येते. भिंगाची मागची पिशवी फाटली, व्हिट्रियस (डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ) पुढे आला, तर तो कापून काढून (व्हिट्रेक्टमी) कृत्रिम भिंग दुसरीकडे बसवावे लागते आणि वेळ बराच वाढतो. तरीही त्या व्हिट्रेक्टमीचे वेगळे पैसे मिळत नाहीत आणि केवळ गुंतागुंत झाली म्हणून अवघड मोतीबिंदूचा संकेतांक (66982) लावता येत नाही. तो लावायला सहसा बाहुली उघडी ठेवणारे हुक, पिशवीला आधार देणारी रिंग अशी साधने खरोखर वापरलेली असावी लागतात. अवघड डोळे घेणाऱ्या सर्जनला हा हिशेब महागात पडतो. फक्त घड्याळ मोजायचे तर संथ सर्जनला जास्त द्यावे लागेल, हेही खरेच. म्हणून ताणाला वजन दिलेले आहे.

एकूण निधी जवळपास बांधलेला आहे. बदलांमुळे खर्च 2 कोटी डॉलरपेक्षा जास्त हलला, तर सर्वांचाच दर तेवढा सावरून घेतात. त्यामुळे नेत्रसर्जनांची वाढ दुसऱ्या कुणाच्या खिशातून जाते. 2026 पासून बहुतेक शस्त्रक्रियांच्या कामाच्या आरव्हीयूंतून आणि टेबलावरच्या मिनिटांतूनही ‘कार्यक्षमता’ म्हणून 2.5 टक्के वजा होतात. फेकोतली वेळेची बचत तर 2013 आणि 2020 च्या कपातींत आधीच वसूल झाली होती.