तळटीपेचा आकडा पूर्णविरामाच्या आधी की नंतर?

एका रिपोर्टची पानं लावत होतो, त्यात एक वाक्य आलं, ‘टाकीची खोली १० मी’ आणि त्या ‘मी’ला चिकटून वर छोटासा २. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं की खालची दुसरी तळटीप बघा, पण वाचणारा तर १० चौरस मीटरच वाचणार ना! खोली चौरस मीटरमध्ये कशी, म्हणून मी दोनदा मागे जाऊन वाचलं, मग ट्यूब पेटली. तेव्हापासून एककं आणि सूत्रं यांच्या अंगाला मी टिपेचा आकडा लावतच नाही, तिथे * किंवा † टाकतो, नाहीतर टीप सरळ पुढच्या साध्या शब्दावर सरकवतो.

आता मुख्य भानगड. वाक्य संपलं, पूर्णविराम आला, टीप पण तिथेच द्यायचीय, तर आधी कोण? इंग्रजी छपाईत, म्हणजे शिकागो मॅन्युअल या अमेरिकन लेखन-छपाईच्या नियमपुस्तकाप्रमाणे, आकडा विरामचिन्हाच्या नंतर येतो, फक्त डॅश असेल तर त्याच्या आधी. फ्रेंचमध्ये बरोब्बर उलटं, आकडा आधी आणि मग स्वल्पविराम किंवा पूर्णविराम. जर्मन लोक अर्थ बघतात: टीप शेवटच्या एका शब्दाबद्दल असेल तर आकडा त्या शब्दाला चिकटतो आणि विराम नंतर येतो, टीप अख्ख्या वाक्याबद्दल असेल तर विराम आधी. ‘नमुन्यात तांबं, जस्त आणि शिसं सापडलं’ हे वाक्य घ्या. टीप फक्त सापडण्याच्या पद्धतीबद्दल आहे की सगळ्या निष्कर्षाबद्दल, हे जर्मन वाचकाला आकड्याच्या जागेवरूनच कळतं. मला ही पद्धत सगळ्यात जास्त पटते, कारण जागेलाच अर्थ मिळतो. पण एका पुस्तकात एकच पद्धत हवी, अर्धी अशी अर्धी तशी असेल तर वाचकाला काहीच कळत नाही.

नियम कुठलाही पाळा, डोळ्याला खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. पान स्क्रीनवर चारशे टक्के मोठं करून बघा. पूर्णविराम हा ओळीच्या तळाशी बसलेला ठिपका, त्याच्या डोक्यावर सगळी जागा रिकामी. टिपेचा आकडा वर टांगलेला, त्याच्या पायाखाली सगळं रिकामं. दोघं शेजारी शेजारी ठेवले की प्रत्येकाची रुंदी वेगळी धरली जाते आणि तिरकी एक मोकळी फट दिसते, आकडा वाक्यापासून सुटून चालल्यासारखा वाटतो. उपाय म्हणजे आकडा थोडा मागे ओढून ठिपक्याच्या जवळजवळ डोक्यावर आणायचा, यालाच कर्निंग म्हणतात. फार ओढला तर ठिपका आकड्याच्या सावलीत जातो, म्हणून अगदी केसभर केसभर सरकवायचं.

हे हाताने दर पानावर कोण करणार? लेटेक हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी क्लेमेन्स नीडरबर्गर यांचं एफएनपीसीटी (fnpct) नावाचं पॅकेज, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, आहे. तळटीपेची आज्ञा आली की ते पुढचं अक्षर डोकावून बघतं, तिथे स्वल्पविराम किंवा पूर्णविराम असला की दोघांची अदलाबदल करतं आणि मधली फट कमी करतं. दोन टिपा एकापाठोपाठ आल्या तर ३ आणि ४ चिकटून ३४ होतात, म्हणून मध्ये छोटा स्वल्पविराम लागतो, तोही वर चढवलेला.

वेबपेजवर दुखणं अजून वेगळं. ब्राउझर आकडा वर उचलतो आणि त्याच्यामुळे तेवढी एक ओळ जास्त उंच होते, परिच्छेदात मधेच एक ओळ फाकलेली दिसते. त्या आकड्याची लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, शून्य केली की ओळी परत सारख्या होतात, एवढी एक सूचना स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये, कायमची टाकून ठेवावी.

फॉन्टकडेही बघायला हवं. साधा आकडा नुसता लहान केला की त्याच्या रेघाही तेवढ्याच बारीक होतात आणि तो मजकुराशेजारी फिकट, आजारी दिसतो. चांगल्या फॉन्टमध्ये वरचे आकडे मुद्दाम जाड रेघांनी वेगळे काढलेले असतात. पण इंग्रजी आकड्यांत वरचे १, २, ३ हे १९८७ च्या जुन्या आयएसओ अक्षरसंचातून आलेले आणि ४ पासून पुढचे युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या यादीच्या) दुसऱ्या भागात, त्यामुळे काही फॉन्टमध्ये ३ आणि ४ ची उंची जुळत नाही.

देवनागरी आकड्यांना तर युनिकोडमध्ये असे तयार वर चढलेले आकडे नाहीतच. सामवेदाच्या स्वरांसाठी अक्षराच्या डोक्यावर बसणारे छोटे आकडे आहेत, पण ते अक्षराला जोडले जातात, टिपेसाठी त्यांचा काही उपयोग नाही. शिवाय आपल्याकडे शिरोरेषेच्या वर आधीच गर्दी, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार. ‘नाही’ किंवा ‘सापडलं’ या शब्दांना विरामाशिवाय लगेच आकडा लावला तर तो वेलांटीला किंवा अनुस्वाराला जाऊन धडकतो. म्हणून मराठी मजकुरात मी आकडा विरामाच्या नंतरच ठेवतो, म्हणजे ठिपक्याची रुंदी आपोआप मधलं अंतर देते, आणि वाक्याच्या मधल्या शब्दाला टीप लावायची वेळ आलीच तर आकड्याआधी एक अगदी बारीक, ओळ न तोडणारी स्पेस टाकतो.